लीजवर नवी गाडी की काकांची २०१९ ची बलेनो? (ठाणे-ऐरोली, डोक्याचा भुगा झालाय)

पातलीपाडा_ते_ऐरोली
शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही राहतो पातलीपाड्याला, माझं ऑफिस ऐरोलीत, आठवड्यातून तीन दिवस जायचं. आत्तापर्यंत रिक्षाने ठाणे स्टेशन आणि पुढे ट्रान्स हार्बर असं निभावलं. पण आता आई आमच्याकडे राहायला आलीय, तिचे गुडघे गेलेत, आणि कॅबवाल्यांचं तुम्हाला माहितीये, फोन करून आधी विचारणार कुठे जायचंय आणि मग गप कॅन्सल. मागच्या महिन्यात ऑर्थोच्या अपॉइंटमेंटला तिला घेऊन सर्व्हिस रोडला पाऊण तास उभी होते, शेवटी एका भाजीवाल्या मावशींनी तिला बसायला आपला क्रेट दिला. त्या दिवशी ठरवलं, गाडी घ्यायचीच.

चालवणार मीच. नवऱ्याला येत नाही आणि शिकायचीही नाहीये, तो मॅप बघणार म्हणे. ऑटोमॅटिकच हवी, नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून माझेही गुडघे आईच्या लाइनीत येतील.

आता दोन ऑप्शन आहेत. पहिला म्हणजे ऑफिसची कार लीज स्कीम. नवी बलेनो ऑटोमॅटिक, ऑन रोड साडेनऊच्या आसपास, चार वर्षं, महिना २२,५००, त्यात इन्शुरन्स आणि मेंटेनन्स आलं, वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा. हे पैसे ग्रॉसमधून कापले जातात म्हणून टॅक्स वाचतो, एचआरने एक्सेल पाठवलीय त्यात म्हटलंय की खरा खर्च महिना १६,००० च्या आतच पडेल. चार वर्षांनी गाडी परत द्या नाहीतर ३० टक्के भरून स्वतःची करा.

दुसरा ऑप्शन, माझ्या मैत्रिणीचे काका मुलुंडला राहतात, त्यांची बलेनो, २०१९ ची, ऑटोमॅटिक, ४२,००० चाललेली, ते ५ लाख २५ मागतायत. एफडी मोडून कॅश देऊ शकते, लोन नको.

नवरा म्हणतो लीज घे, कटकट नको. आई म्हणते वापरलेली घे, पहिला ओरखडा दुसऱ्याने पाडलेला असतो म्हणजे आपल्या जिवाला घोर नाही. काय करू?


कळव्याचा_बाब्या
रविवार, सकाळी ७:५५

आईंचा मुद्दा पहिल्या नंबरचा आहे, थ्रेड बंद करा 😄


लीजचा_पोळलेला
रविवार, सकाळी ९:१०

ताई, कोणी सांगत नाही ती गोष्ट सांगतो. लीज ही गाडीची नसते, नोकरीची असते.

मी रबाळेला होतो, लीजवर गाडी घेतली, पहिलं वर्ष राजासारखं गेलं, सर्व्हिसिंगला यायचे घरून घेऊन जायचे, इन्शुरन्स कधी संपतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. सतराव्या महिन्यात पुण्याची ऑफर आली, चांगली हाइक होती, मी उड्या मारत राजीनामा टाकला. आणि मग एचआरची मेल. नव्या कंपनीने लीज स्वतःकडे घेतली तर ठीक, नाहीतर फोरक्लोजर, म्हणजे मुदतीआधीच लीज बंद करून सगळं चुकतं करायचं. नव्या कंपनीचा त्या लीजवाल्यांशी करारच नव्हता. मग उरलेली मुद्दल, त्यावर फोरक्लोजर चार्जेस, त्यावर जीएसटी, असं करत करत फुल अँड फायनलमधून (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून) अडीच लाखाच्या वर गेले आणि वरून बाकीच्यासाठी लोन काढावं लागलं. जी गाडी मी नवी असताना कधी विकत घेतली नसती ती मी सेकंडहँड झाल्यावर नव्याच्या भावात घेतली. हसू नका.

कोणाचं नाव घेत नाही, चूक माझीच, करार वाचलाच नव्हता. तुम्ही वाचा. ‘अर्ली टर्मिनेशन’ नावाचं पान असतं, त्यात महिन्यानिहाय तक्ता असतो, बाराव्या, चोविसाव्या महिन्याला सोडलं तर किती पडतील ते. तो तक्ता दिला नाही तर मागून घ्या, आणि तो बघून स्वतःला विचारा, या ऑफिसात चार वर्षं राहणार आहे का मी?


हिशोबनीस_नेरुळ
रविवार, दुपारी १२:३०

वरच्या भाऊंशी सहमत, पण मला त्या १६,००० वर बोलायचंय. एचआरची एक्सेल ही बहुतेक ठिकाणी ३० टक्के स्लॅब धरून बनवलेली असते कारण त्यात बचत छान दिसते. तुमचं टॅक्सेबल उत्पन्न किती आहे? न्यू रिजीममध्ये २०२५ च्या बजेटनंतर ३० टक्के लागतो तो २४ लाखांच्या वर. १२ ते १६ ला १५ टक्के, १६ ते २० ला २०, २० ते २४ ला २५. त्यामुळे तुम्ही मधल्या स्लॅबमध्ये असाल तर एक्सेलमधला आकडा तुमचा नाहीच, तुमच्या व्हाइस प्रेसिडेंटचा आहे.


पातलीपाडा_ते_ऐरोली
रविवार, दुपारी १:०५

अरे देवा. स्टँडर्ड डिडक्शन वगैरे जाऊन १७ लाख ४० हजार आहे, न्यू रिजीम. आणि हो, एक्सेल उघडली आत्ता, एक कॉलम हाइड केलेला होता, त्यात ३१.२ टक्के लिहिलंय 🙄


हिशोबनीस_नेरुळ
रविवार, दुपारी २:२०

जेवून बसलो, आता करूनच टाकतो.

२२,५०० गुणिले १२ म्हणजे वर्षाला २ लाख ७० हजार तुमच्या टॅक्सेबलमधून कमी होतील. वरचे १ लाख ४० हजार हे २० टक्क्यांत, त्यावर वाचले २८,०००. उरलेले १ लाख ३० हजार १५ टक्क्यांत आले, त्यावर १९,५००. एकूण ४७,५००, वर ४ टक्के सेस धरून ४९,४००. म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१००. त्यातून परत गाडीचा पर्क (कंपनीने दिलेली सोय) म्हणून थोडी रक्कम तुमच्या पगारात मिळवून त्यावर टॅक्स लावतात (ऑफिस आणि घर दोन्ही वापर असेल तर इंजिन १.६ लिटरच्या खालचं की वरचं यावर ती ठरते, बलेनो खालच्यात). तर बचत ३,८०० धरा. खरा खर्च महिना १८,७०० च्या आसपास. गुणिले ४८, झाले ९ लाखाला दोन-अडीच हजार कमी. आणि चार वर्षांनी हातात काय, चावी परत द्यायची. ठेवायची तर अजून ३० टक्के.

आता काकांची. ५ लाख २५ हजार. चार वर्षांचा इन्शुरन्स ७० हजार धरा, सर्व्हिसिंग टायर बॅटरी मिळून ९० हजार, आणि चार वर्षांनी दोन लाखाला गेली असं समजू, मुद्दाम कमी धरलंय. म्हणजे ४ लाख ८५ हजार गेले. एफडी मोडली त्याचं बुडालेलं व्याज टॅक्स जाऊन लाखभर धरा. भागिले ४८, महिना १२,२०० च्या आसपास पडतं.

फरक साडेसहा हजार. साडेसहा हजारात तुम्हाला काय मिळतंय तर नव्या गाडीचा वास, वॉरंटी, आणि रस्त्यात बंद पडली तर फोन करायला एक नंबर. काहींना ते पटतं, मला पटलं नसतं, पण माझी बायको म्हणते मी चप्पल पण शिवून घालतो.

अजून एक. किलोमीटर किती होणार तुमचे? पातलीपाडा-ऐरोली जाऊन येऊन पस्तीसेक, आठवड्याला तीन दिवस, वर्षाचे ५,००० झाले. इकडेतिकडे अजून दोन-तीन हजार. तुम्ही १५,००० चे पैसे भरणार आणि अर्धे वापरणार. जास्त पळवली तर लीजवाले किलोमीटरमागे पैसे घेतात, कमी पळवली तर परत देत नाहीत.


महापे_नाइट_शिफ्ट
रविवार, दुपारी ३:४५

सगळे लीजच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू. माझी दुसरी लीज चालू आहे, मी ३० टक्क्यांत आहे, कंपनीत अकरावं वर्ष, कुठे जायचं नाहीये. रात्री अडीचला सायन-पनवेलवर टायर गेला तेव्हा एक फोन केला आणि पाऊण तासात माणूस आला. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. अशा माणसाला लीज बरोबर आहे.

फक्त आरसी कोणाच्या नावावर निघणार ते विचारा. महाराष्ट्रात १० लाखाखालच्या पेट्रोल गाडीला माणसाच्या नावावर ११ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर रजिस्टर केली तर २० टक्के. तो वाढीव टॅक्स लीजवाले स्वतःच्या खिशातून भरत नाहीत, तुमच्याच हप्त्यात बसवतात. आणि कोटेशन २२ सप्टेंबर २०२५ च्या नंतरचं आहे ना बघा. छोट्या गाड्यांचा जीएसटी तेव्हापासून १८ झालाय, आणि लीजच्या भाड्यावर तोच दर लागतो जो गाडीला लागतो.


वागळे_गॅरेजकट्टा
रविवार, रात्री ९:३०

आमचं वागळे इस्टेटला गॅरेज आहे, त्यामुळे मी कुठल्या बाजूने बोलणार ते उघड आहे 😀 तरी ऐका.

पहिली गोष्ट, ह्या दोन बलेनो वेगळ्या आहेत. २०१९ ची ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी, बेल्ट-पुलीवर चालणारा, गिअरचे टप्पेच नसलेला गिअरबॉक्स. २०२२ च्या नव्या मॉडेलपासून कंपनीने तिथे एएमटी दिली, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर मशीन टाकतं. बंपर टू बंपरमध्ये सीव्हीटी लोण्यासारखी चालते, एएमटी मान हलवत हलवत नेते. घोडबंदरला रोज जाणाऱ्याला जुनी जास्त आवडेल, हे ऐकायला विचित्र वाटतं पण एकदा दोन्ही चालवून बघाच.

पण सीव्हीटी बिघडली तर खर्च मोठा, म्हणून ती नीट बघून घ्या. काकांना विचारा सीव्हीटीचं ऑइल कधी बदललं, बिल दाखवा म्हणा. ‘सर्व्हिसिंग वेळच्या वेळी’ हे उत्तर नाही. मग गाडी थंड असताना, सकाळी, काकांनी आधी चालू करून न ठेवता, तुमच्या समोर स्टार्ट करायला लावा. आणि तुमच्या नाहीतर त्यांच्या सोसायटीचा बेसमेंट रॅम्प असेल तर तिथे उलटी चढवा, रिव्हर्समध्ये, हळू. थरथरली, रेस दिल्यावर आवाज वाढला पण गाडी हलायला वेळ लागला, तर नमस्कार करून घरी या.

बाकी टायरवर चार आकडे असतात, ३२१९ असेल तर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला. ४२,००० चाललेल्या गाडीचे टायर एकदा बदललेले असू शकतात, तीनदा नाही. काचांवरचं वर्ष पण बघा, एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का ते विचारा. स्कॅनर लावणारा माणूस न्या, आणि त्याला सांगा रेडिनेस मॉनिटर बघ, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. एरर कालच कोणी पुसले असतील तर ते अर्धवट दिसतात.

आणि इन्शुरन्सची कॉपी मागा, त्यावर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) किती लिहिलाय बघा. पाच वर्षं सलग क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो. ‘एकही स्क्रॅच नाही हो’ म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर एनसीबी शून्य असेल तर गोष्ट काहीतरी वेगळीच आहे. तो एनसीबी तुम्हाला मिळणार नाही हेही लक्षात घ्या, तो काकांचा, तुमचा शून्यापासून सुरू. आणि गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसी पण नावावर करून घ्या, बरेच लोक ते विसरतात आणि अपघात झाल्यावर आठवतं.

२०१९ मध्ये कुठल्या महिन्यात रजिस्टर झाली? १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट लावलीय का बघा. फार पैसे नाहीत, ७४५ अधिक जीएसटी, पण स्लॉट आणि फेऱ्या काकांनी करू देत.


कामोठेकर
रविवार, रात्री १०:५०

गॅरेजवाल्या दादांनी पाण्याचं सांगितलंच नाही!! ठाणे-नवी मुंबईत जुनी गाडी बघायची आणि पाण्यात होती का ते बघायचं नाही म्हणजे काय.

मी गेल्या वर्षी एका डीलरकडे गाडी बघितली, चकचकीत, कमी चाललेली, बाजारापेक्षा ७० हजार स्वस्त, मी बयाणा काढायच्या तयारीत. बरोबर माझा मेव्हणा होता, तो फार काही बोलत नव्हता, मागच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने सीटबेल्ट ओढला. ओढला, ओढला, पार शेवटपर्यंत ओढला. रोज आपण जेवढा ओढतो तेवढा पट्टा स्वच्छ, आणि त्याच्या पुढे, जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, तिथे मातीची एक सरळ तपकिरी रेघ. पाणी तिथवर आलं होतं. मग त्याने सीट पुढे सरकवून खालच्या रेल दाखवल्या, गंज. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, बारीक वाळू. कार्पेट मात्र सगळं नवीन, आणि परफ्यूम एवढा मारलेला की डोळ्यांतून पाणी. डीलर म्हणाला साहेब आधीचे मालक गणपतीपुळ्याला जायचे, बीचवरची वाळू असेल. सीटबेल्टवर??

मुलुंडच्या काकांची गाडी कदाचित असं काही नसेल, पण पार्किंग बेसमेंटला आहे का विचारा. पावसात बेसमेंट भरलं की गाडी एक इंच न चालता पण बुडते.


खारघर_हिल्स
सोमवार, सकाळी ८:१५

दिल्लीची गाडी बघा की, तिकडे फार स्वस्त मिळतात.


हिशोबनीस_नेरुळ
सोमवार, सकाळी ८:४०

स्वस्त का मिळतात तेही सांगा मग. तिकडे १० वर्षांच्या डिझेलचं आणि १५ वर्षांच्या पेट्रोलचं काय चाललंय ते वाचा. वर एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, एमएच नंबर घ्या, टेम्पोचं भाडं द्या. ताईंना गुडघेदुखीवर गाडी हवीय, डोकेदुखीवर नाही.

बरं ताई, एक घासाघीसीचा मुद्दा देतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या बलेनोवरचा जीएसटी सेस धरून २९ वरून १८ वर आला, नवी स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भाव पण खाली यायला पाहिजे. काकांच्या डोक्यात बहुतेक त्याच्या आधीचा भाव आहे. आणि काका डीलर नाहीत, माणसाकडून माणसाला विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे ते कारण चालणार नाही.


पातलीपाडा_ते_ऐरोली
पुढचा रविवार, संध्याकाळी ६:२०

अपडेट द्यायला आले, राहवत नाहीये.

आधी एचआरकडे अर्ली टर्मिनेशनचा तक्ता मागितला. तीन दिवसांनी आला. चोविसाव्या महिन्याला सोडली तर जो आकडा आहे तो बघून नवऱ्याने मोबाइल परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला मी कुठे म्हणालो होतो लीज घे. आणि आमच्या टीमचं बंगळुरूला हलायचं चाललंय असं गेले सहा महिने कानावर आहे, खरं खोटं देव जाणे, पण ह्या अवस्थेत चार वर्षांची सही करणं काही मला झेपलं नाही.

मग काल सकाळी साडेसातला मुलुंड. मी, नवरा, मैत्रीण, स्कॅनरवाला मुलगा, आणि आई, कारण आईला घरी ठेवून जायची कोणाची हिंमत नव्हती. काका बिचारे घाबरले, म्हणाले लग्नाची बोलणी करायला आल्यासारखे आलात.

गाडी थंड होती, बोनेटला हात लावून बघितलं. एनसीबी ५० टक्के. टायर चारही २०२३ चे, एकदाच बदललेले, बिल आहे. मागचा बंपर रंगवलेला, स्कॅनरवाल्या मुलाने लगेच ओळखलं, काका म्हणाले हो हो मॉलच्या पार्किंगमधला खांब, क्लेम नाही केला, खिशातून केलं, बायकोला आजवर माहीत नाही. काकू शेजारीच उभ्या होत्या. आता माहीत झालं.

सीव्हीटी ऑइलचं बिल सापडलं नाही. रॅम्पवर उलटी चढवली, छान चढली, थरथर नाही. मी आनंदनगरपर्यंत आणि परत असा एक फेरा मारला. नव्या बलेनोची एएमटी मी आदल्याच दिवशी शोरूमला चालवली होती आणि गॅरेजवाले दादा, तुम्ही म्हणता ते खरंय, जुनी जास्त शांत आहे. शोरूमवाल्याला हे सांगितलं नाही.

जानेवारी २०१९ चं रजिस्ट्रेशन आहे आणि नवी प्लेट लावलेली नाही. ते, ऑइल, आणि जीएसटीचं भाषण (हिशोबनीस दादा, शब्दशः तुमचं), असं सगळं सांगून मी साडेचारपासून सुरू केलं, काका पाचवर अडून बसले, शेवटी काकूंनीच ४ लाख ८५ ला सोडवलं. बंपरचा राग असावा. ११,००० टोकन दिलंय, प्लेट काका लावून देणार.

एकच भानगड आहे. एमपरिवहन ॲपवर बघितलं तर आरसीवर अजून बँकेचं हायपोथिकेशन (कर्जापोटीचा बोजा) दिसतंय. काका म्हणतात लोन २०२३ लाच फिटलं, त्यांच्याकडे बँकेचं पत्र पण आहे, पण ते त्याच वर्षीचं. ट्रान्सफर होईल का असंच?


वागळे_गॅरेजकट्टा
पुढचा रविवार, रात्री ८:००

नाही होणार. काकांनी बँकेकडून ताजी एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) घ्यायचा, आधी हायपोथिकेशन उतरवायचं, मग तुमचे मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. जुन्या पत्रावर आरटीओत परत पाठवतात. बाकीचे पैसे आरसीवरून बँकेचं नाव गेल्याशिवाय देऊ नका, काका कितीही गोड असले तरी. चलन पेंडिंग आहे का तेही बघा आणि ते त्यांच्याकडूनच भरून घ्या.

ऑइलचं बिल नाही ना, मग गाडी घरी आली की पहिलं काम तेच. कंपनीचं सीव्हीटी फ्लुइडच टाकायचं, दुसरं कुठलं नाही, आमच्याकडे आलात तरी डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा.


कामोठेकर
पुढचा रविवार, रात्री ८:२५

आणि सीटबेल्ट???


पातलीपाडा_ते_ऐरोली
पुढचा रविवार, रात्री ९:१०

सीटबेल्ट आईने बघितले. चारही दरवाजे उघडून, पार शेवटपर्यंत ओढून, चष्मा लावून. स्वच्छ आहेत. पण आता तिला सवय लागलीय, आज मंदिरात जाताना कॅब मिळाली (मिळाली!) तर बसल्या बसल्या तिने त्या ड्रायव्हरचा पण बेल्ट ओढून बघितला आणि म्हणाली, दादा, गाडी पाण्यात होती का हो कधी. तो म्हणाला, आजी, कळव्याला राहतो मी.